माझे तेरावे एकदा झालेले आहे

मी, खाली सही करणारी सखुबाई भ्रतार संताजी पायगुडे, वय साठीच्या पुढे (नक्की आकडा आईला ठाऊक होता, ती माहेरी हातोदला वारली, तो आकडा सोबत घेऊनच), धर्म ख्रिस्ती, धंदा पूर्वी मिशनच्या दवाखान्यात परिचारिका, हल्ली अंथरूण, राहणार मल्हारगंज, इंदूर, मध्यभारत, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. पाय सुजले आहेत, दम लागतो, पण डोके ठिकाणावर आहे. कोणाला शंका असेल तर त्याने मला छावणीतल्या कोणत्या घरात कोण कोणत्या साली जन्मले ते विचारून पाहावे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब आणून पाहिला गेला, ते पुढे येईल.

नवऱ्याचे नाव असे ठळक अक्षरात लिहायची मला सवय नाही. पण अप्पासाहेब वकील म्हणाले, नाव नसेल तर कागद पांगळा. त्यांनीच असेही सांगितले, "सखुबाईजी, मुद्द्याचं लिहा. विल आहे, किस्सा नाही." मी म्हटले, "अप्पासाहेब, ज्याला वस्तू मिळणार त्याला ती आली कुठून हे नको कळायला?" ते हसले आणि म्हणाले, "लिहा, जसं दिल म्हणेल तसं लिहा." तेव्हा लांबी वाढली तर दोष त्यांचा.

कलम पहिले. माझा आत्मा ज्याचा आहे त्याच्याकडे जाईल, त्याची वाटणी मी करायची नाही. देह आपल्या मंडळीच्या कबरस्तानात पुरावा. लाकडी पेटी साधी असावी. दगडावर नाव आणि तारीख पुरे. "आदर्श भगिनी", "सेवामूर्ती" असले काही लिहू नये. कबरस्तानात वाचत फिरले तर वाटते की इंदुरात वाईट माणूस कधी मेलाच नाही.

कलम दुसरे. माझी मुलगी कमल, जिला दवाखान्यातल्या डॉक्टर मडमेने लहानपणी बेबी म्हटले आणि ते चिकटले, हल्ली महूला सुखात आहे. तिला गळ्यातले सोन्याचे मणी, शिलाईचे यंत्र आणि तिच्या बापाचे पवित्र शास्त्र द्यावे. त्या पुस्तकाला अजून घोड्याच्या खरारा-तेलाचा वास येतो, तो उन्हात टाकून घालवू नये.

हा वास कशाचा ते सांगते. माझे यजमान होळकर सरकारच्या पागेवर होते, त्यांचे आजे स्वारीत लढलेले. इन्फ्लुएंझाच्या साथीत सरकारी घोडे घेऊन जाताना ते मानपुरास तापाने पडले. सोबतचे भिऊन पुढे गेले. मी पोचले तेव्हा धर्मशाळेच्या ओट्यावर एक गोरी डॉक्टरीण त्यांची घाण स्वतःच्या हाताने धूत होती. तिने जात विचारली नाही, पागा विचारली नाही. मला म्हणाली, "बाई, पाणी उकळा." प्रभूची आणि माझी ओळख त्या उकळत्या पाण्यापाशी झाली. पुढच्या साली आम्ही दोघांनी बाप्तिस्मा घेतला. पाद्रीसाहेबांनी विचारले, नवे नाव हवे का? मी म्हटले, देवाने मला सखू म्हणूनच हुडकले, आता नाव बदलून त्याला कशाला घोटाळ्यात पाडू?

पागा सुटली. स्वारांच्या नातवाने दवाखान्याचा टांगा हाकायला घेतला. लोक हसले. ते घोड्याला साज चढवताना रोज एकच प्रार्थना करीत, "देवा, आजच्यापुरता रस्ता दाखव." टांग्याच्या कंदिलाचा उजेड घोड्याच्या पावलांपुढे फारसा जात नाही, तरी अंधारात आम्ही कितीदा मानपुरास जाऊन बाळंतिणीला सोडवून आलो. विश्वासाविषयी मला ठाऊक आहे ते एवढेच आहे. बेबी, तुला काळजी करायची खोड आहे, म्हणून हे तुझ्या कलमात लिहिले.

कलम तिसरे. तांब्याचा बंब. हा सध्या मुलींच्या शाळेच्या माजी मुख्याध्यापिका चारुलताबाई यांच्या न्हाणीघरात आहे. एका थंडीत पाहुणे आले म्हणून त्यांनी नेला, तेव्हापासून त्यांचे पाहुणे काही गेलेले दिसत नाहीत. मी दर रविवारी गिरजाघरात त्यांच्या मागच्या बाकावर बसून क्षमेवरचा उपदेश ऐकला आणि मनात बंबच आला. तेव्हा तो बंब मी त्यांना याद्वारे कायमचा, आनंदाने, देऊन टाकते. आता त्यांनी निवांत अंघोळ करावी आणि मला निवांत प्रार्थना करू द्यावी.

कलम चौथे. टपाल खात्यात जे काही शिल्लक असेल त्यातून दफनाचा खर्च भागवून उरेल त्या पैशांत दवाखान्यातल्या बायकांच्या वॉर्डासाठी घोंगड्या घ्याव्यात. त्या वॉर्डाच्या ओसरीत रोज सकाळी औषध वाटण्याआधी दोन शब्द बोलायचे काम माझ्याकडे होते. बायका विचारीत, "बाई, देव खरंच ऐकतो का हो?" मी सांगे, "ऐकतो. उत्तराची घाई आपल्याला असते, त्याला नसते. तोवर पाणी उकळा." यापेक्षा मोठा उपदेश मला कधी जमला नाही. माझ्या जागी जी कोणी बोलेल तिने थोडक्यात बोलावे. आजारी माणसाला उभे राहवत नाही.

कलम पाचवे. राहते घर. सारे भांडण याचेच आहे, म्हणून सावकाश लिहिते.

आम्ही ख्रिस्ती झालो तेव्हा माझे दीर तुकोजी यांनी आम्हां दोघांचे सुतक धरले आणि तेराव्या दिवशी जिवंतपणी आमचा नुक्ता, म्हणजे तेराव्याचे जेवण, घातला. गल्लीभर पंगती उठल्या, दाल-बाफले आणि चुरम्याचे लाडू. आम्ही तेव्हा मागच्या गल्लीत, एका भल्या अत्तरवाल्याने दिलेल्या याच जागेत, तुकोजींच्या परसाला परस लागून, चूल न पेटवता बसलो होतो. पलीकडे आमच्याच नावाने लोक ढेकर देत होते. मी रडले. तेवढ्यात परसाच्या भिंतीवरून एक पितळी ताट पुढे आले. मागून माझी धाकटी जाऊ लक्ष्मी, तुकोजींचीच बायको, नुकतीच नांदायला आलेली पोर, टाचा उंच करून कुजबुजली, "अक्का, तुमच्या तेराव्याचे लाडू आहेत. गरम आहेत तंवर खाऊन घ्या."

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहून इतके हसलो की तोंडावर पदर धरावा लागला. स्वतःच्या तेराव्याचा लाडू खाल्लेली बाई इंदुरात मी एकटीच असेन. फार चांगला झाला होता. त्या दिवशी उपाशीपोटी माझा विश्वास डगमगला होता, हे मी लपवीत नाही. देवाने तो सावरला तो मूर्तिपूजक घरातल्या मुलीच्या हाताने. तेव्हापासून देवाने मदत कोणाच्या हाताने पाठवावी हे त्याला शिकवायला मी गेले नाही.

तुकोजींविषयी राग नाही. शेवटच्या दुखण्यात ते आमच्याच दवाखान्यात आले. मी त्यांची पाठ पुसत असे आणि ते भिंतीकडे पाहत. एके दिवशी भिंतीकडे पाहतच म्हणाले, "वहिनी, पाणी." मेलेल्या बाईला कोणी वहिनी म्हणत नाही. तिथे तो विषय संपला.

ते गेल्यावर भाऊबंदांतून घेतलेल्या दत्तक मुलाने घर विकले आणि लक्ष्मीला सांगितले, काकी, आता तुमचं तुम्ही पाहा. तिला मूल नाही, माहेर नाही. तिने भिंतीपलीकडून हाक मारली, "अक्का, आधी देव घेता का? माझे हात भरलेत." मी तिचे देव भिंतीवरून हातात घेतले. कोणी पायऱ्या चढताना त्याचे मूल आपण धरतो, तसे धरले. मग ती बोचके घेऊन रस्त्याने फिरून आली. तेव्हापासून मागच्या खोलीत तिचे देव, तिची वेगळी चूल आणि तिचे सोवळे आहे. पुढच्या खोलीत माझी सकाळची प्रार्थना. तिची घंटी आणि माझे भजन एकाच वेळी सुरू झाले तर जिचा आवाज आधी थांबेल ती आपला चहा आधी टाकते, चुली दोन. ती माझ्या हातचे खात नाही. मी कधी आग्रह केला नाही.

आता दाब. मंडळीचे वडील, म्हणजे गिरजाघराचे पंच, दिनानाथ, सचोटीचा माणूस, पण हट्ट म्हणजे हट्ट. माझे पाय सुजल्यापासून ते आठवड्याला येतात. म्हणतात, "बाई, संताजीभाऊंनी भर सभेत साफ सांगितलं होतं, हे घर प्रभूचं आहे. मंडळीला प्रार्थनेला जागा नाही. आणि प्रभूच्या घरात घंटी वाजते, हे बरं दिसतं का?" मी विचारले, "मग लक्ष्मीने जायचं कुठं?" ते म्हणाले, "देव बघेल."

देव बघेल हे मलाही ठाऊक आहे. पण देव बघतो तेव्हा बहुतेक कोणाला तरी उठवूनच बघायला पाठवतो. मरणाची मला भीती नाही. माझे डोळे मिटले की लक्ष्मी बोचके आणि देव घेऊन रस्त्यावर उभी राहील, ही भीती आहे, आणि ती मला झोपू देत नाही. पुष्कळ प्रार्थना केली. शेवटी वाटले, यजमान बोलले ते खरेच आहे. घर प्रभूचे. मी त्यात पाहुणी होते, लक्ष्मीही पाहुणी आहे. प्रभूने बोलावलेल्या पाहुण्याला दुसऱ्या पाहुण्याने उठवायचे नसते.

म्हणून असे ठरवते: लक्ष्मी भ्रतार तुकोजी पायगुडे हिने हयात असेपर्यंत या घरात राहावे. तिचे देव, तिची घंटी, तिची चूल यांस कोणी हात लावू नये. तिला ख्रिस्ती हो म्हणून कोणी छळू नये. प्रभूला हवी असेल तर तो तिला सखूसारखी हुडकील, त्याला पत्ता माहीत आहे. तिच्या पश्चात घर मंडळीचे. बेबीची याला संमती आहे.

आणि हे सारे नीट पार पडावे म्हणून मृत्युपत्राचे व्यवस्थापक मी दिनानाथ यांनाच नेमते. काल त्यांना हे वाचून दाखवले. त्यांनी कागद माझ्या हातातून घेऊन स्वतः पुन्हा वाचला. मग म्हणाले, "मी त्या बाईच्या हातचं पाणीसुद्धा घेत नाही, न जाणो नैवेद्याचं असेल, आणि तुम्ही मला तिचा रखवाला करता?" मी म्हटले, "तुमच्यासारखा हट्टी माणूस दारात उभा असला तर तिला कोण काढील?" ते टोपी घालून निघून गेले. आज सही करायला येतो म्हणाले नाहीत, येत नाही असेही म्हणाले नाहीत. मी हे देवावर सोडले आहे, आणि अर्थात पाणी उकळत ठेवले आहे.

कलम सहावे. यजमानांचा चाबूक दिनानाथ यांस द्यावा. तो टांग्यात फक्त दिसण्यापुरता असे, घोड्याला कधी लागला नाही. पंचमंडळीच्या बैठकीत समोर टांगावा.

कलम सातवे. माझ्या मागे कोणी तेरावे घालू नये. माझे तेरावे एकदा झालेले आहे, आणि उत्तम झाले. हे कलम सकाळी लक्ष्मीला वाचून दाखवले तर ती चिडली. "सवेरे-सवेरे मरायची बात कशाला करता, अक्का? मेल्यावर कोण खातं?" असे म्हणून मागे गेली, ती अजून बाहेर आलेली नाही. मागच्या खोलीतून तूप कढवल्याचा वास येतो आहे.

आयुष्यात मला जे मिळाले ते माझ्या लायकीपेक्षा फार जास्त होते. देवाचे आभार, आणि ज्यांच्या हातून त्याने ते दिले त्या सगळ्यांचे आभार.

ठिकाण: मल्हारगंज, इंदूर
दिनांक: ९ डिसेंबर १९५३

सही: सखुबाई भ्रतार संताजी पायगुडे

साक्षीदार, ज्यांच्यासमक्ष वरील सही झाली व ज्यांनी माझ्यासमक्ष सही केली:
१. अप्पासाहेब, वकील, इंदूर
२. दिनानाथ, वडील, ख्रिस्ती मंडळी, इंदूर

टीप, माझ्याच हातची, दोन्ही साक्षीदारांसमोर. सह्यांच्या वेळी लक्ष्मी चुरम्याच्या लाडवांची परात घेऊन बाहेर आली. म्हणाली, "अक्कांच्या तेराव्याचे आहेत. या खेपेला भिंतीवरून नाही देणार. सगळ्यांनी समोर बसून खायचे." मला पहिला दिला. मी निम्मा मोडून तिच्यापुढे धरला. तिने माझ्या हातून घेतला आणि खाल्ला. वकिलांनीही घेतला. मग ती दिनानाथांपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "नैवेद्य दाखवला नाही, भाऊ. तुमच्यासाठी आधीच बाजूला काढला होता." दिनानाथांनी डोळे मिटून नेहमीपेक्षा लांब प्रार्थना केली, लाडू खाल्ला, आणखी एक मागून घेतला आणि सही केली. दुसऱ्या साक्षीदाराच्या सहीशेजारी जो डाग पडला आहे तो तुपाचा आहे. तो खाडाखोड समजू नये.

सखुबाई