एक कुपी कमी आहे

मी, डॉ. सुकन्या पंढरी केणे, वय एकसष्ट, जन्मभर जनुकांवर संशोधन केलेली, राहणार खारबाव, तालुका भिवंडी, डोके ठिकाणावर असताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझ्यावर कुणाचे दडपण नाही. माझे इतरांवर यावे, अशी मात्र इच्छा आहे. म्हणून हा कागद मी मेल्यावर उघडायचा नाही. आज रविवार, सगळे घरी आहेत. माझ्या भावाचा मुलगा मितेश याने तो माझ्यासमोर मोठ्याने वाचायचा. आमच्या घरात औषधाचे बोलायला लागले की माणसे उठून जातात, आणि जमिनीचे नाव काढले की मागच्या दारची माणसेही ओटीवर येऊन बसतात. बसा तर मग.

माझ्या खोलीतल्या फ्रीजरमधून एक कुपी गेली आहे. ती कुणी नेली हे कळेपर्यंत मी या कागदावर सही करणार नाही, आणि सहीशिवाय कुणाला एक गुंठाही मिळणार नाही.

कलम पहिले, जमीन. रस्त्यालगतच्या ज्या जमिनीवर भाऊ भावेश याने गोदामे बांधून भाड्याने दिली, तिच्यात वडिलांच्या पश्चात माझाही हिस्सा आहे. बहिणीने हक्कसोड करून द्यावी आणि माहेरची साडी घेऊन गप्प राहावे, ही आपल्याकडची रीत. मी सही केली नाही. तेव्हापासून भावेश भाऊबीजेला माझ्या खोलीची पायरी चढलेला नाही. मला त्याचे वाईट वाटते, रोज वाटते. तो हिस्सा मी भावेशला देत आहे. घे बाबा, एकदाचा.

कलम दुसरे, मायक्रोस्कोप. तो माझे जुने वरिष्ठ डॉ. मनोज सबनीस यांना पोचता करावा, आणि आमचे औषध टोचलेल्या माकडाच्या यकृताची काचपट्टी त्यात लावूनच द्यावा. भिंगाला डोळा लावला की त्यांना मेलेल्या पेशी दिसतील. याच पेशींबद्दलची ओळ त्यांनी माझ्या अहवालातून काढायला सांगितली होती. मी काढली नाही. औषध बंद पडले, माझी नोकरीही गेली. 'बाई, तुम्ही विज्ञानाच्या आड येताय,' असे ते चारचौघांत म्हणाले होते. मी विसरलेले नाही.

कलम तिसरे, फ्रीजर. आमचे काम असे होते: ज्याचे जनुक बिघडले आहे त्याच्या पेशींत चांगले जनुक पोचवायचे. पोचवायला विषाणूचे पोकळ कवच वापरायचे, टेम्पोसारखे. पण टेम्पो निघतो स्नायूंकडे आणि अर्धाअधिक माल उतरतो यकृतात. आमच्या औषधाने यकृतच मारले. पुढे कंपनी सगळे नमुने जाळून टाकणार होती, म्हणून पुरावा राहावा यासाठी त्यातल्या थोड्या कुप्या मी आणून ठेवल्या. ते औषध नव्हे. ते विष आहे, हे मी या घरात घसा सुकेपर्यंत सांगितले.

कलम चौथे, मेघाली. माझ्या बँकेतले सगळे पैसे मितेशच्या मुलीला, मेघालीला, तिच्या उपचारासाठी. पोर सहा वर्षांची आहे, तिचे स्नायू झिजत चालले आहेत, ओटीची पायरीही तिला हाताने पाय उचलून चढावी लागते. तिला अकलोलीच्या कुंडात न्हाऊ घातले, मी काही बोलले नाही. गरम पाण्याने कुणाचे बिघडत नाही. पण तिच्या आजाराचे खरे औषध आज ना उद्या येणार आहे, आणि ते असल्याच कवचातून येणार आहे. शरीर या कवचाला एकदा ओळखते, दुसऱ्या खेपेला दारातच मारते. म्हणजे चुकीचे एकदा टोचले की पुढचे बरोबरचेही तिला बंद.

कलम पाचवे. भावेश, आता तुला विचारते. 'हिस्स्याच्या रागाने पोरीचं औषध कुलपात ठेवलंय हिनं,' हे तू गावभर बोललास. कुपी तू नेलीस का? शिव्या नंतर दे. टोचले असेल तर आधी ताप येतो, उलट्या होतात, मग डोळे पिवळे पडतात. वेळेवर हॉस्पिटलात नेले तर यकृत वाचवता येते. उशीर केला तर

(वाचन इथेच थांबले. पुढचा छापील मजकूर खोडून मी हाताने लिहीत आहे.)

भावेश उठून उभा राहिला. म्हणाला, "आयची शपथ, ताई, मी हात लावला न्हाय."

तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून मितेशची बायको उन्नती बोलली. "आत्या, बाबांना बोलू नका. मी नेली. निजामपुऱ्यात कंपाउंडर हाय ना, लूमच्या कामगारांना सलाइन लावतो, त्याच्याकडनं दिली. आठवडा झाला."

मितेश म्हणाला, "तुला आत्यानं सांगितलं होतं ना?"

"मला वाटलं जमिनीच्या रागानं सांगतात." मग ती माझ्याकडे वळली. "ताप आला तिला, आत्या. पोरांच्या लशीला बोलवायला येतात त्या आशाताई म्हणतात ना, लशीनंतर ताप आला म्हणजे लस लागली. मला वाटलं लागली. मी देवापुढं साखर ठेवली. चार घरी पेढे दिले."

मी मेघालीला उजेडात आणून तिची पापणी ओढून पाहिली.

भावेश गाडी काढत आहे. हा कागद हॉस्पिटलातल्या डॉक्टरांना दाखवावा. कलम तिसरे आणि पाचवे त्यांनी आधी वाचावे, जमिनीचे सोडून द्यावे. मी सोबत आहेच, पण तिथे माझी जीभ वळेल याची मला खात्री नाही.

ठिकाण: खारबाव, तालुका भिवंडी, जिल्हा ठाणे.
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५.

लिहून देणार: सुकन्या पंढरी केणे. बोलल्याप्रमाणे सही केली आहे. भावेश, जमीन तुझी.

साक्षीदार पहिली: हौसा गणू भोईर, शेजारीण. डाव्या अंगठ्याची निशाणी.

साक्षीदार दुसरी: उन्नती मितेश केणे. सही नाही. मुलीला मांडीवर घेऊन गाडीत बसली आहे, हात मोकळा नाही.