चोथा कुठे टाकतेस?

नानछांग, ९ एप्रिल १९८८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबांच्या थडग्याशी तू चक्कर येऊन पडलीस आणि गेले तीन महिने तुझ्या अंगावरून सतत लाल जातंय, ही बातमी मला काल कळली. ती खरी असल्याचं फंग काकूंनी सांगितलं. त्या चष्मा करायला शहरात आल्या होत्या. तू पडलीस तेव्हा त्या शेजारच्याच थडग्यावर अगरबत्त्या लावत होत्या. तुला उचलायला त्याच धावल्या, आणि तुझी पँट पाहून अंगातला कोट काढून तुझ्या कमरेला त्यांनीच गुंडाळला. सख्ख्या बहिणीला हे टोफू विकणाऱ्या शेजारणीकडून कळावं, वा!

वयाचं कारण सांगू नकोस. एकोणपन्नास म्हणजे पाळी जाण्याचे दिवस, मलाही मोजता येतं. या दिवसांत कमी-जास्त होतं हेही ठाऊक आहे. पण गाठी पडतायत, तू भिंत धरून चालतेस, ओठ पांढरे पडलेत, हे कमी-जास्त नाही. मी हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत दिवसभर काचपट्ट्या बघते. तुला वाईटच काही झालंय असं मी म्हणत नाही. मनगट धरून ते कळत नाही, एवढंच म्हणते. गर्भपिशवीतला नमुना काढून तो काचेखाली बघावा लागतो. एका सकाळचं काम आहे.

आणखी एक. भिंतीवरून रोज काढा उकळल्याचा वास येतो, केस जाळल्याचाही येतो, पण तुमच्या, लू वैद्यांच्या घरचा चोथा रस्त्यावर कधी दिसत नाही, असं काकू म्हणाल्या. आपल्या गल्लीतलं प्रत्येक घर चोथा पुलाच्या तोंडाशी ओततं. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी त्यावर पाय द्यायचा आणि थोडं थोडं दुखणं सोबत न्यायचं. बाबा तर वाट वाकडी करून पाय द्यायचे, त्यांच्या कापडी जोड्यांचा रंगच तपकिरी झाला होता. मला हा वेडेपणा वाटतो, तुला माहीत आहे. पण गावाला काढे देणाऱ्या वैद्याने आपल्या घरचा चोथा लपवावा हे त्याहून वाईट वाटतं. कुठे टाकतेस?

लोभ आहे. तो वाढायला हवा असेल तर आधी बसमध्ये बस.

तुझी
यूरू


लिंगशी, १५ एप्रिल

चि. यूरूस,
आशीर्वाद.

फंग काकूंना चष्मा लागला हे उत्तम झालं. आजवर त्यांना नसलेलं दिसत होतं, आता ते ठळक दिसेल. चार वर्षांत तुला ताई कशी आहे ते विचारावंसं वाटलं नाही. माझी पँट मात्र बरी आठवली.

मला औषध चालू आहे आणि ते घरचं आहे. गाढवाच्या कातड्याचा डिंक, करपवलेला नागदवणा, पाणकणसाचे पराग आणि केसांची राख. केस माझेच, त्यामुळे काकूंच्या नाकाला त्रास होत असेल तर माझ्या डोक्याला दोष दे. फेब्रुवारीत आठ-दहा दिवस सगळं अगदी थांबलं होतं. मग मी भरलेल्या बादल्या उचलल्या आणि पुन्हा सुरू झालं. तुझे भाऊजी तेव्हापासून मला पाणी भरू देत नाहीत, स्वतः भरतात. हे काकूंनी सांगितलं नसेल.

चोथा मागच्या अंगणात पपनसाच्या बुंध्याशी पुरते. तुझ्या भाऊजींनीच तसं सांगितलं आणि मला ते पटलं. आपल्या गल्लीत लोक चोथ्यावर पाय देण्याआधी वाकून बघतात, त्यात काय काय आहे ते. वैद्याच्या बायकोला तीन महिने उतार नाही हे पुलाशी मांडून ठेवू का? दवाखान्याच्या बाकावर ज्या बायका बसतात, त्यांतल्या कितीतरी जणींचं हेच दुखणं त्यांनी बरं केलंय. त्या उद्या काय म्हणतील?

खरं सांगू का, तुला माझी काळजी नाही, तुझा जुना हिशेब आहे. बाबांनी विद्या जावयाला दिली, तुला दिली नाही. मुलगी परक्या घरी जाते असं ते म्हणाले, मी नाही म्हणाले. तेव्हापासून तू या घरावर दगड मारतेस, आता पांढरा कोट घालून मारतेस एवढंच. इथे येऊ नकोस. डॉक्टरांची गाडी घेऊन आलीस तर मी आतून कडी लावीन.

पहिल्या तोडणीचा चहा पाठवते आहे. राग वेगळा, चहा वेगळा.

लोभ ठेव, चौकशा आवर.

वानछिउ


नानछांग, २० एप्रिल

ती. भाऊजींस,
सा. न. वि. वि.

नमस्कार रीतीचा, विनंती खरी आणि विशेष एवढंच की माझी बहीण पांढरी पडत चालली आहे.

तुम्ही वाईट वैद्य आहात असं मी कधी म्हटलेलं नाही. माझ्या सासूबाईंचं हेच दुखणं तुमच्याच पुड्यांनी थांबलं, ते मी विसरलेले नाही. पण त्यांचा नमुना आम्ही आधी तपासून घेतला होता. ताईच्या पिशवीत काय आहे ते तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही. फरक इतकाच की मला ते माहीत करून घ्यायचंय. तिला पाठवा. काढा इथेही पिता येईल, चूल माझ्याकडेही आहे.

आणि चोथा पपनसाखाली पुरणं बंद करा. झाड मरेल.

उत्तराची वाट पाहणारी
यूरू


लिंगशी, २६ एप्रिल

श्रीमती थाओ यूरू यांस,
स. न. वि. वि.

आपलं पत्र पोचलं. पपनस यंदा भरपूर फुललं आहे.

आपल्या वडिलांच्या खुर्चीत मी एकोणीस वर्षं बसतो आहे. त्यांनी मला औषधं शिकवली, तसंच रोग्यासमोर चेहरा कसा ठेवायचा तेही शिकवलं. आज माझी बायको बस पकडून शहरातल्या हॉस्पिटलात गेली, तर उद्या सकाळी निम्म्या बायका माझा काढा मोरीत ओततील. ज्या बऱ्या होत आल्या आहेत, त्याही ओततील. त्यांचं काय करायचं ते आपल्या काचेखाली दिसतं का?

वानछिउकडे माझं लक्ष नाही असा आपला समज दिसतो. तिच्यासाठी मी चार वेळा पुड्या बदलल्या. करडईची फुलं काढली, जिनसेंग वाढवला, समुद्रफेस घातला. रोज सकाळी चूल पेटवण्याआधी तिची नाडी पाहतो, आणि रोज ती वेगळी लागते. तरीही मी धीर सोडलेला नाही. आपणही सोडू नये, आणि लांबून सल्ले देऊ नयेत. आपण काचपट्ट्या धुता, मी माणसं बघतो.

आपल्या कुटुंबाचं कुशल चिंतून इथेच थांबतो.

लू बोहंग


नानछांग, १ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भाऊजींचं पत्र आलं. मला शिव्या दिल्यात, पण अक्षर सुंदर आहे. त्यातलं एक वाक्य तुला दाखवायला हवं म्हणून जसंच्या तसं उतरवते: रोज सकाळी चूल पेटवण्याआधी तिची नाडी पाहतो, आणि रोज ती वेगळी लागते.

हे त्यांनी तुला सांगितलं होतं का? मला नाही वाटत. तुला ते सांगत असतील की आज कालच्यापेक्षा बरी आहे.

शाळेच्या मुख्याध्यापकांची आई आठवते? तिलाही असंच जात होतं. बाबांनी दोनदा औषध बदललं, तिसऱ्यांदा नाडी पाहिली आणि भर दवाखान्यात, बाक बायकांनी भरलेला असताना, सांगून टाकलं की आता माझ्या हाताला कळत नाही, हिला शहरात न्या. म्हातारीला नावेत बसवायला ते स्वतः घाटावर गेले. तू तिची वळकटी धरली होतीस आणि मी छत्री. दुसऱ्या दिवशी बाकावर एकही जागा रिकामी नव्हती. उलट लोक म्हणाले की न कळलेलं सांगणारा वैद्य आहे, म्हणजे कळलेलं खरं असणार. भाऊजी तेव्हा पुड्या बांधत तिथेच बसले होते. करडई आणि समुद्रफेस शिकले, एवढं एक शिकायचं राहिलं.

हो, मला विद्या हवी होती आणि मिळाली नाही. त्याचा राग माझ्यासोबत जाळला जाईल, मी नाही म्हणत नाही. पण त्या रागाने तुझं रक्त जात नाहीये. तुला भाऊजींचा दवाखाना वाचवायचाय आणि त्यासाठी तू पपनसाशेजारी स्वतःला पुरते आहेस. तू गेलीस तर बाकावरच्या बायका काय म्हणतील, हा हिशेब नवरा-बायको मिळून एकदा कराच.

मी येणार नाही. कडी लावायचे कष्ट वाचले तुझे. येशील तर तू येशील.

चहा कडू होता. संपवला.

लोभ मागत नाही. निरोप पाठव, इतकं पुरे.

यूरू


लिंगशी, ७ मे

चि. यूरूस,
आशीर्वाद, आणि पूर्ण वाचून होईपर्यंत हसायचं नाही.

तुझं पत्र मी त्यांच्यासमोर टेबलावर ठेवलं आणि त्या वाक्यावर बोट ठेवून खरं का म्हणून विचारलं. घरचं पत्र तू पुन्हा घरातच पाठवलंस म्हणून त्यांनी तुला कपटी म्हटलं. मला ते पटलं, तसं मी म्हणालेही. मग पुन्हा विचारलं. ते उठून पुड्या बांधायला गेले. त्यांच्या हातून दोरा तीनदा सुटला. मला उत्तर मिळालं.

काल सकाळी मी काढा प्यायले, मडकं उचललं आणि मागच्या दाराऐवजी पुढच्या दाराने बाहेर पडले. दवाखाना भरलेला होता. त्यांनी आतून हाक मारली की वानछिउ, झाड इकडे आहे. मी चालत राहिले. पुलाच्या तोंडाशी, अगदी मधोमध, सगळा चोथा ओतला. वाफ येत होती. मग वळून बाकावरच्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की हा माझा आहे, जानेवारीपासून अंगावरून जातंय, थांबत नाही, आणि मी शुक्रवारी नानछांगला जाते आहे. एवढं बोलून धाप लागली आणि कठड्यावरच बसले. छान दिसलं नसेल.

फंग काकू सगळ्यांत आधी आल्या. आधी वाकून, चष्मा पुसून, चोथ्यात काय काय आहे ते नीट पाहिलं. मगच पाय दिला, आणि इतके महिने आमचे पाय काय झिजले होते का म्हणून मला फटकारलं. मग बाकावरच्या बायका उठून आल्या. माझी भीती खोटी ठरली नाही. दोघी पलीकडून तशाच निघून गेल्या, आज परत आल्या नाहीत. बाकीच्या आल्या.

तुझे भाऊजी दारात उभे होते. दुपारी ते दोनदा पुलावरून गेले आणि दोन्ही वेळा कडेकडेने गेले. संध्याकाळी दवाखाना बंद केला, सरळ आले आणि मधोमध पाय दिला. असा जोरात दिला की जणू मलाच तुडवत होते. राग होता की आणखी काही, ते तू ठरव, तुला सगळं कळतं. फंग काकू म्हणाल्या, रागाने दिलेलाही धरला जातो. घरी आल्यावर जोडे उंबऱ्याशी काढले. ते मी धुतलेले नाहीत.

माझ्याशी बोलत नाहीत. पण सात दिवसांच्या पुड्या बांधून पिशवीवर ठेवल्यात आणि मडकं गवतात गुंडाळलंय, बसमध्ये फुटू नये म्हणून.

तर शुक्रवारी, तेरा तारखेला, सकाळच्या बसने निघते. स्थानकावर ये. बाबांचा विषय काढायचा नाही, भाऊजींना नावं ठेवायची नाहीत. शनिवारी तुझे डॉक्टर नमुना काढोत, तू स्वतः काचेखाली बघ, आणि काय दिसलं ते मला चेहरा न करता सांग. वाईट असलं तरी.

काढा मी तिथेही पिणार आहे, तुझ्या चुलीवर उकळून. आणि चोथा रोज सकाळी हॉस्पिटलच्या फाटकासमोर ओतणार. कामावर जाताना तू त्यावर पाय द्यायचास. पांढरा कोट घालून, सगळ्यांदेखत. एक दिवस जरी कडेने गेलीस, तर मी त्याच दुपारच्या बसने परत.

लोभ जुना आहे, तसाच असू दे. कळावे.

ताई