अळीनं खाल्लेलं पान

आबा, बागांच्या चिन्हातलं भोक मी बुजवणार नाही. उद्या अकराला कचेरीत साहेबांसमोर पक्कं चित्र ठेवायचंय. तुम्ही असता तर त्यांचीच बाजू घेतली असती. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, तरी म्हणूनच आधी तुम्हाला सांगते.

गावातल्या सगळ्या बागांच्या फाटकांवर एकच चिन्ह लावायचंय, इथल्या झाडापानांची आणि इथल्या जुन्या कारागिरीची ओळख सांगणारं. ते काम कचेरीत माझ्याकडे आलं. आठ दिवस मी रंकाळ्याकाठच्या बागेत जाऊन बसले. करंजाचं एक पान उचललं आणि तुम्ही गळ्यातल्या साजाच्या सोन्याच्या पानांना द्यायचात तशी त्याला बारीक मण्यांची किनार दिली. त्या पानाला जरा डावीकडे अळीनं खाल्लेलं भोक होतं. तेही होतं तसं काढलं. साहेब कच्चं चित्र बघतात, चष्मा पुसतात, पुन्हा बघतात. "बाई, हे बागेचं चिन्ह हाय का औषधफवारणीचं? तेवढं भोक बुजवा की!" सगळी कचेरी हसते. माझे तळहात भिजतात. कागदाला डाग पडेल म्हणून हात मागे घेत मी म्हणते, "साहेब, बागेतली पानं अशीच आहेत." "असतील! म्हणून फाटकावर टांगायची व्हय?"

तुमचाही आवाज असाच चढला होता. मी नऊ-दहा वर्षांची असेन. शाळेत नाव घालायच्या आधीच तुमच्या ऐरणीशेजारी बसून मी रेघ ओढायला शिकले होते. त्या दिवशी तुम्ही सरावाला दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर मी पान कोरलं आणि परसातल्या पानाला होतं तसं भोक पाडलं. तुम्ही ते चिमट्यात धरून उजेडाकडे केलंत. "ह्ये काय? किडका दागिना कोन घालंल गं गळ्यात?" आणि पत्रा दुमडून मोडीत टाकलात. आई पिठाच्या हातानं स्वयंपाकघराच्या दारात आली. "पोरीनं बघूनच काढलंय की, वरडताय कशाला?" तुम्ही पुढचा पत्रा ऐरणीवर घेतलात. मी मात्र तेव्हापासून एकेक रेघ तीनतीनदा तपासते.

पण आबा, "आदी बघ, मग हात चालीव" हे तुमचंच. मी बघितलं, भोक होतं. बघून झाल्यावर ते नव्हतंच असं काढायला माझा हात चालत नाही. दागिन्याचं तुमचं बरोबर असेल. बाग काही कुणी गळ्यात घालत नाही. तिथल्या माळीमामांना चित्र दाखवलं तर ते म्हणाले, "अळीनं न्हाय खाल्लं तर फुलपाखरू काय आभाळातनं पडनार हाय?" उद्या हेच साहेबांना सांगणार आहे. नको असेल तर चिन्ह दुसऱ्याकडून काढून घ्या, म्हणेन. आवाज कापेल. कापू दे.

हे पत्र टाकायला पेटी एकच, तुमच्या हत्यारांची. एक कबूल करते. भोक नसलेलं पानही मी काढलंय, किनारीचा मणी न् मणी सारखा. साहेबांना त्याचा पत्ता नाही. ते या पत्राखाली ठेवतेय, तुम्हाला दाखवायला.