गिटार घेतली आहे, ताई

तीर्थरूप ताई, आणि ‘हळू बोल’ हे दोन शब्द ऐकत लहानाच्या मोठ्या झालेल्या माझ्या तमाम बंधुभगिनींनो,

(सवय. पत्र तुला एकटीलाच आहे. आपल्या घरात वाढलेली माणसं दोनच असली, तरी आपली तक्रार एका जाहीर सभेला पुरून उरेल एवढी आहे, हे तूही मान्य करशील.)

साष्टांग नमस्कार. कंबर धरल्यामुळे त्यातली काही अंगं या खेपेला वगळली आहेत, ती येणे बाकी समज. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा रक्तदाब उतरला का? त्यांना माझा नमस्कार सांग, पण पत्र वाचायला देऊ नकोस, नाहीतर पुन्हा चढेल. माझी प्रकृती उत्तम आहे. फक्त घास गिळत नाही, तळहातांना घाम येतो, आणि काल छापखान्यात मुद्रितं तपासताना ‘एकजूट’ हा अगदी बरोबर छापलेला शब्द मी तीनदा दुरुस्त केला. बाकी ठीक.

फोन न करता पत्र का, असं तू विचारशील. एक तर मी बोलू लागलो की तू फोन हातभर लांब धरतेस आणि मग माझं खाजगी बोलणं भाऊजी, शेजारीण आणि जिन्यातून जाणारा गॅसवाला असे सगळे ऐकतात. दुसरं म्हणजे फोनवर तू पहिल्याच वाक्याला ‘नाही’ म्हणतेस. पत्राला तसं मध्येच तोडता येत नाही. (आत्ता घडी घालून ठेवू नकोस. पुढे वाच.)

तर झालं असं. येत्या रविवारी आमच्या छापखान्याचं संमेलन आहे. दरवर्षी त्याला बाहेरून वाद्यवृंद येतो. यंदा साहेबांनी तो रद्द करून मोबाइलवरची गाणी मोठ्या पेटीतून लावायचं ठरवलं. कोणीतरी कुरकुर केली, तर म्हणाले, ‘मशीन-हॉलच्या लोकांना काय फरक कळणार? कान गेलेत त्यांचे.’ ताई, त्याच लोकांना कानांवर घालायची संरक्षक टोपणं मिळावीत म्हणून मी घसा फोडून घेतोय, आणि सोमवारी त्याच मागणीवर बैठक आहे! आधी कान घालवायचे आणि मग गेलेल्या कानांना टोपणं कशाला म्हणून विचारायचं, हा कुठला न्याय? जेवणाच्या सुट्टीत मी फाटकापाशी कागदाच्या गठ्ठ्यावर चढलो. मजुरांनी गायलेल्या गाण्यांबद्दल आयुष्यात जे जे वाचलं होतं ते सगळं अर्ध्या तासात बाहेर काढलं आणि शेवटी मूठ उगारून म्हणालो, ‘कान आहेत की नाहीत ते रविवारी कळेल! रविवारी आमचाच बँड वाजेल!’ प्रचंड टाळ्या झाल्या. त्या टाळ्या ओसरता ओसरता माझ्या लक्षात आलं की आमचा बँड नाही.

वक्त्याची हीच तर पंचाईत असते. वाक्य एकदा चढणीला लागलं की त्याला कळसाशिवाय उतरता येत नाही. आणि दिलेला शब्द मागे घेणाऱ्यांवर मी स्वतः इतकं बोललो आहे की आता मला ती सोयच उरलेली नाही. रविवारी बँड वाजला नाही, तर सोमवारच्या बैठकीत साहेब फक्त एवढंच विचारतील, ‘काय मग, तुमचा बँड कुठाय?’ आणि कानांची टोपणं तिथेच गेली. म्हणजे बघ, पंचवीस माणसांचे कान माझ्या एका वाक्याला लटकले आहेत.

बँड उभा राहिला मात्र. ‘ओव्हरटाइम’ हे नाव त्याला मीच दिलं. ढोल आणि झांजा आमचा मशीनमन वाजवतो. त्याला सगळे इंजिन म्हणतात, कारण तो एकदा सुरू झाला की मुख्य बटण बंद केल्याशिवाय थांबत नाही. कीबोर्डवर बाइंडिंगच्या मावशी आहेत. पुस्तकं शिवून शिवून त्यांची बोटं इतकी चपळ झाली आहेत की आपण गाण्याच्या पहिल्या ओळीत असतो तेव्हा त्या तिसरीत असतात. गातो तो डिलिव्हरीच्या गाडीचा ड्रायव्हर, टोपणनाव हिरो (गाडीच्या आरशात रस्त्यापेक्षा स्वतःला जास्त बघतो). मी मार्गदर्शक. तालीम कागदाच्या गोदामात होते. गाणं एकच बसवलंय, आणि ते पहिल्या दिवसापासून एकाच ठिकाणी अडतं. तिथे काहीतरी पोकळ वाटतं. दर वेळी सगळे एकमेकांना धीर देतात, ‘गिटार आली की भरेल.’

म्हणून गिटार. तीही विजेची, कारण इंजिनपुढे साधी गिटार म्हणजे वादळात पुटपुटणं. मी ग्रंथालयातून या विषयावरची असतील नसतील तेवढी पुस्तकं आणली. लाकडाची जात, मानेची जाडी, तारांची उंची, तारांखालच्या चुंबकांचे प्रकार, सगळं वाचून काढलं आणि तालमीच्या आधी रोज थोडं थोडं व्याख्यान दिलं. मावशी तर म्हणाल्या, ‘भाऊ, तुम्ही बोलता तेव्हा गिटार ऐकू येते.’ (हे वाक्य लक्षात ठेव. सगळ्या अनर्थाचं मूळ त्यात आहे. ते मला उशिरा कळलं.)

मग रंगावर सभा झाली. इंजिनचं म्हणणं, काळी घ्या, शाईचे डाग दिसत नाहीत. हिरोला लाल हवी होती, कारण त्याचा शर्ट काळा आहे. मावशी म्हणाल्या, पांढरी घ्या म्हणजे माणसं जपून हात लावतील. मी रंगाच्या राजकारणावर बोललो. तेवढ्यात जेवणाची सुट्टी संपली आणि ठराव तहकूब झाला. आपल्या लोकशाहीत वेळ जातो, पण निदान कोणी एकटा चुकत नाही. सगळे मिळून चुकतात, आणि त्यात एक आपलेपणा असतो.

गेल्या शनिवारी आम्ही चौघं वाद्यांच्या दुकानात गेलो. आमच्या वर्गणीत बसतील अशा गिटारी मागच्या भिंतीवर, कोपऱ्यात, पंख्याच्या वाऱ्याने हलत होत्या. मला तर त्या चढ्या किमतीच्या गिटारींकडे बघून मान खाली घालून उभ्या आहेत असंच वाटलं. मी लगेच समतेवर दोन शब्द बोललो. दुकानदार सर्दीने हैराण होता. तो नाक पुसत म्हणाला, ‘साहेब, वाजवून बघा ना.’ यावर आमच्यात जी सभ्यता उफाळून आली ती तू बघायला हवी होतीस. मी हिरोला म्हटलं, तुम्ही. हिरो म्हणाला, छे छे, भाऊ असताना मी? इंजिनने मावशींकडे हात केला आणि मावशींनी माझ्याकडे. शेवटी मी दुकानदारालाच वाजवायला सांगितलं, तर तो म्हणाला, ‘आमचं मूळचं हार्डवेअरचं दुकान. तेव्हा मी खिळे विकायचो, ठोकत नव्हतो.’

मग ज्याने त्याने आपापल्या परीने परीक्षा केली. मावशींनी गिटारीची मान जिथे अंगाला जोडलेली असते तिथे अंगठा दाबला, जसा त्या पुस्तकाच्या पुठ्ठ्याला दाबतात, आणि निकाल दिला की शंभर वेळा उघडलं-मिटलं तरी हे निखळणार नाही. इंजिनने बटणं फिरवून बघितली आणि यांना तेल लागेल म्हणाला. हिरोने पट्टा खांद्यावर टाकला, आरशासमोर पाय फाकवून उभा राहिला, आणि ताई, खरं सांगतो, तो इतका गिटारवाला दिसत होता की माझी उरलीसुरली शंका फिटली. रंग निळा निघाला. तो कोणीच मागितला नव्हता, त्यामुळे एकमताने मंजूर झाला.

आता अ‍ॅम्प्लिफायर. विजेच्या गिटारीचा आवाज मोठा करणारी ही पेटी. तिच्याशिवाय ती गिटार म्हणजे माईक बंद पडलेला वक्ता. दुकानदाराने आमच्या ऐपतीतल्या दोन पेट्या पुढे मांडल्या. परीक्षा घ्यायची ठरली तेव्हा पुन्हा ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ सुरू झालं, म्हणून मी माईक मागवला, पहिल्या पेटीला जोडला आणि भाषण केलं. आवाज असा आला, जणू कोणी माझ्या तोंडावर उशी दाबली आहे. दुकानदार म्हणाला, ‘अहो, ती गिटारचीच पेटी आहे. तिच्यात गिटारच बरी वाजते. दुसरी सभेची आहे.’ माझं पित्त खवळलं. मी म्हटलं, जी पेटी माणसाचा शब्द धड पोचवत नाही, ती तारेचा सूर काय पोचवणार? आणि दुसऱ्या पेटीतून उरलेलं भाषण पूर्ण केलं. काय खणखणीत आवाज! रस्त्यावरची माणसं थांबली. एका बाईंनी तर टाळ्या वाजवल्या. आम्ही तीच पेटी घेतली. ताई, मी गिटारीसाठी अ‍ॅम्प्लिफायर निवडायला गेलो आणि स्वतःसाठी निवडून आलो.

हे माझ्या लक्षात आलं ते घरी आल्यावर. वायर जोडली, बटण दाबलं, तार छेडली, तर ट्यँव! जणू कोणी जस्ताच्या बादलीला रबर बांधून ओढला. शिवाय गिटार जोडून नुसती ठेवली तरी पेटी एकसारखा आवाज करते. हूंऽऽऽ. मी बराच वेळ विचार करत होतो की हा आवाज आपण कुठे ऐकलाय. आणि एकदम अंगावर काटा आला. बाबा! वर्तमानपत्राआडून बाबा जसे ‘हूं’ करायचे, ‘हो’ही नाही आणि ‘नाही’ही नाही, फक्त पुढे बोलू नकोस एवढाच अर्थ असलेला, तोच तो हुंकार. बावन्न वर्षांचा माणूस मी, फाटकावर पाचशे जणांसमोर कधी अडखळलो नाही, पण त्या हुंकारासमोर माझ्या तोंडून शब्द फुटेना.

तर हे असं आहे. दुकानदार शुक्रवारपर्यंत पेटी बदलून देतो म्हणालाय. बदलावी की नाही, एवढंच विचारायला हे पत्र लिहिलं. तुला त्यातलं कळतं. उत्तर लवकर दे. भाऊजींना जप आणि गुडघ्याला शेक.

तुझा धाकटा भाऊ,
भोंगा
(हे नाव तूच ठेवलंस, तेव्हा तक्रार नाही.)

ता. क. पेटी मी परवा सकाळीच बदलून आणली. तेव्हा वरच्या प्रश्नाचं उत्तर देण्याची गरज नाही. गिटारीची पेटी खरंच बरी आहे. मात्र माझं भाषण त्यात घुसमटतं, आणि बँडमधल्या तिघांनीही हा तिचा मोठा गुण मानला.

दुसरा ता. क. आता खरं काय ते सांगतो. पेटी आली, गिटार आली, परवा संध्याकाळी गोदामात सगळे आपापल्या जागी उभे राहिले. इंजिनने काड्या आपटून ‘एक, दोन, तीन, चार’ म्हटलं. गाणं सुरू झालं. पोकळ जागा आली. आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी हिरोकडे बघितलं. हिरो म्हणाला, ‘भाऊ, घ्या ना.’ मी म्हटलं, ‘मला कुठे येते?’ तो म्हणाला, ‘मग इतके दिवस बोलत काय होतात?’ ताई, रंगावर सभा झाली, मानेवर झाली, पेटीवर झाली. पण वाजवणार कोण, हा विषय एकाही सभेत आला नाही! मी इतकं वाचून बोललो की त्यांना वाटलं मी वाजवतो. तो इतका ऐटीत उभा राहिला की मला वाटलं तो वाजवतो. मावशी कागदाच्या गठ्ठ्यावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या आणि मग म्हणाल्या, ‘भाऊ, सोमवारी माझ्या कानांचं काय?’ त्यांना उजव्या कानाने आताच कमी ऐकू येतं. तेव्हापासून माझा घास अडकलाय.

तिसरा ता. क. बसवलेलं गाणं कोणतं, ते मी मुद्दाम लिहिलं नव्हतं. तू जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून वाजवायचीस ना, ते. शब्द मला एवढ्याच गाण्याचे पाठ आहेत, म्हणून तेच बसवायला लावलं. ते अडतं ती जागाही तीच आहे, जिथे तू नेहमी थांबून बोटं बदलायचीस आणि आतून ‘हूं’ ऐकू यायचं. पुढे बाबांनी तुझी गिटार सुट्टीला आलेल्या मावसभावाला तुला न विचारता देऊन टाकली आणि तू एक शब्द बोलली नाहीस. मी त्या दिवसापासून बोलतोय, अजून थांबलेलो नाही. ‘माझं आता सगळं गेलं’ असं म्हणू नकोस. मागच्या वेळी मी तुला गाडीवर सोडायला आलो होतो, तेव्हा छत्रीच्या दांड्यावर तुझी डाव्या हाताची बोटं चालू होती. मी बघितलं आहे.

आणि एक सांगतो. ती पेटी बदलली, तरी हुंकार तसाच आहे. पण तारांवर नुसता हात ठेवला ना, की तो थांबतो. एकदम गप्प. मला एवढंच वाजवता येतं ताई, ती शांतता. तिच्यापुढचं तुला येतं. बोटं दुखतील, गुडघा कुरकुरेल, भाऊजी ‘या वयात?’ म्हणतील. म्हणू देत. आयुष्यभर मी तुला भाषणं ऐकवली आणि कधी काही कर म्हणून सांगितलं नाही. आज सांगतो, एकच काम आहे: शनिवारची सकाळची गाडी पकड.