मानाच्या खुर्चीत लुआनची बायको

शिनदियान, २ डिसेंबर

चि. ग्वांगरुई,

थोरल्या ताईचे आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. कोबी खारवून ठेवला, माझा गुडघा कुरकुरतोय. बीजिंगला थंडी फार म्हणतात, आतून लोकरीचं घालत जा.

तुझ्या बक्षिसाची मेजवानी काल जिल्हा कचेरीने दिली. ज्यांनी तुझी कादंबरी छापू दिली नाही, तेच आता चौकात लाल फलक लावून ‘आमच्या मातीचा सुपुत्र’ म्हणताहेत. जनाची नाही, मनाची तरी! तू नव्हतास, म्हणून दाराकडे तोंड असलेली मानाची खुर्ची मला दिली. मी म्हटलं, “ही माझी नाही,” आणि शिऊयुनला हाताला धरून तिथं बसवलं.

हो, लुआनचीच बायको. पक्षाच्या सेक्रेटरीसाहेबांचा चेहरा बघायला हवा होतास! पण करतात काय? मानाच्या पाहुण्याने जेवायच्या काड्या उचलल्याशिवाय कुणाला घास घेता येत नाही, आणि ती उचलेना. मासा निवत चालला.

“वहिनी, घ्या ना,” साहेब गोड आवाजात म्हणाले.

“माझा नवरा तुरुंगात का आहे ते आधी सांगा, मग घेते.”

“अहो, आज आनंदाचा दिवस! राजकारण कशाला?”

अगदी तुझंच बोलणं. ‘मी साधा गोष्टी सांगणारा, राजकारणातलं मला कळत नाही,’ असं तू पेपरात बोललास ना? परदेशी गेलेले आपले लोक तुला भेकड म्हणतात, तेव्हा मी त्यांना शिव्या घालते. लांब बसून दुसऱ्याला शौर्य शिकवायला काय जातं यांचं! पण रुई, मला तरी उत्तर दे. कुणी हात लावेना, तेव्हा तुझं पुस्तक छापलं कुणी? ‘लेखकाला न विचारता मीच परस्पर छापलं,’ असं सांगून सगळं अंगावर घेतलं कुणी? कादंबरीच्या कागदांचं गाठोडं तू स्वतः लुआनच्या हातात दिलंस. मी तिथंच उभी होते.

त्याच्या खोकल्यातून रक्त पडतंय. औषध देत नाहीत. शिऊयुन म्हणते, “सुटकेचं नको बोलू म्हणावं. बक्षीस घेतानाच्या भाषणात फक्त त्यांचं नाव घे. जगाला नाव कळलं की यांना जपावंच लागेल.”

एवढंच मागतेय रे ती! तू नाव घेतलंस तर माझं पेन्शन बंद करतील, करू देत.

परदेशी वार्ताहर रोज दार वाजवतात. आजवर मी उघडलं नाही. तुझं भाषण मी ऐकणार आहे. त्यात लुआनचं नाव आलं नाही, तर दुसऱ्या दिवशी दार उघडीन आणि गाठोडं कुणी दिलं तेही सांगेन. मग तुझं, माझं काय व्हायचं ते होवो.

भाषणापर्यंत तरी तुझीच,
शूलानताई