दुसऱ्या गालाचं प्रात्यक्षिक

३ मार्च, सोमवार. सकाळ.
आजपासून राग बंद. कायमचा. परदेशात प्रभूची सेवा करायला आलेल्या पाळकाला तो शोभत नाही. मुळात मला राग येतच नाही, लोक आणतात.

मिशनचे मोठे साहेब सोळा तारखेच्या उपासनेला येणार. चर्चची मंडळी बघणार, मला बघणार, आणि आम्ही इथे राहायचं की गाशा गुंडाळायचा ते ठरवणार. बायकोने चहा देता देता बजावलं, की मागच्या देशात तुम्ही गाण्याच्या मास्तरला कीबोर्डसकट पायऱ्यांवरून ढकललंत तेव्हा मी मुकाट्याने बॅगा भरल्या. आता पोरीला शाळा आवडलीय, मला लायब्ररीत नोकरी लागलीय. या खेपेला हात उचललात तर एकट्याची बॅग भरा.

मास्तरला मी ढकललं नव्हतं. तो पायरीच्या फारच जवळ उभा होता.

तोच दिवस. दुपार.
वरच्या मजल्यावरचा माणूस ड्रिल चालवतोय. झाडूच्या दांड्याने छताला हळूच सुचवलं. दांडा मोडला. छताचा पोपडा थेट स्वयंपाकाच्या पातेल्यात. हा राग नव्हे, हा निरोप होता.

५ मार्च, बुधवार.
जबरदस्त आयडिया! साहेबांसमोर दुसऱ्या गालावर प्रवचन द्यायचं. पण नुसतं बोललं की लोक पेंगतात. म्हणून प्रात्यक्षिक. भर उपासनेत एकाने मला थोबाडीत मारायची, मी हसतमुखाने दुसरा गाल पुढे करायचा. साहेब खुर्चीतच विरघळतील.

मारायला आमचा खाटीक. मंडळीतला सगळ्यात दांडगा गडी, पंजा फावड्याएवढा. मनाने मात्र लोणी. प्रवचनाला रडतो, आणि जाताना दारात उभा राहून माझी वाक्यं मलाच म्हणून दाखवतो. जरा मंदच आहे बिचारा. पाळकांवर हात कसा उचलू म्हणून त्याचे डोळे भरून आले. देवाच्या वचनासाठी कर म्हटलं, तेव्हा कबूल झाला.

७ मार्च, शुक्रवार.
घरी रिहर्सल. बायकोला म्हटलं, एक हलकीशी दे. वाटलं, संकोचेल. तिने बाह्या सरसावल्या. असा आवाज निघाला की वरचं ड्रिल बंद पडलं!

मी दुसरा गाल पुढे करणारच होतो, पण मध्येच स्टूल कसं कोण जाणे भिंतीवर आपटलं. पाय निखळला. स्टूलच तकलादू. बायको म्हणाली, अजून सराव करू या. लग्नानंतर एवढा उत्साह तिच्या तोंडावर मी प्रथमच पाहिला.
मुलगी टेबलाखाली होती. खेळत असावी.

९ मार्च, रविवार.
आज संडे स्कूलच्या पोरांना हाच धडा दिला. कोणी मारायला आलं तर पळायचं नाही, भोकाड पसरायचं नाही. डोळे मिटायचे, गाल पुढे करायचा. आमच्या कन्येने पहिल्या झटक्यात करून दाखवलं. माझ्यावर गेलीय.

उपासनेनंतर चर्चच्या दारात गाडी आडवी लावणाऱ्या एका इसमाला समजावलं. समजावता समजावता त्याच्या गाडीचा आरसा माझ्या हातात आला. त्याने माझी कॉलर धरली, मी त्याचा कान. खाटकाने दोघांना बकोटीला धरून बाजूला केलं आणि मला अगदी मनापासून विचारलं, पाळकसाहेब, हेही प्रात्यक्षिकच का? हो म्हटलं. आणखी काय म्हणणार?
बायकोला यातलं काही कळलेलं नाही. हाताला बर्फ लावतोय.

१२ मार्च, बुधवार.
आजचा दिवसच खराब. बाथरूमचा नळ गळत होता, लाथ घातली, आता अंगठाही गळतोय. वरचा माणूस आवाजाची तक्रार करायला आला. दार लावलं, त्याची बोटं मध्ये होती. बोटं कुठे ठेवावीत हे मोठ्या माणसाला मी शिकवायचं का?
त्यात मुलीने प्रवचनाच्या कागदांवर दूध सांडलं. ग्लास भिंतीवर फुटला. भिंतीवरच मारला होता. एक कपची तिच्या कपाळाला चाटून गेली, एवढंच. इवलीशी पट्टी. रडलीसुद्धा नाही.
बायको चकार शब्द बोलली नाही. म्हणजे तिला माझं म्हणणं पटलं.

१५ मार्च, शनिवार.
साहेब जेवायला आले. पट्टी कशाची, म्हणून विचारलं. पडली, म्हणून सांगितलं. मुलगी ताटात बघत राहिली. बायकोने डाव पातेल्यात असा आपटला की साहेब दचकले. एकंदरीत साहेब खूश वाटले. उद्या मैदान आपलंच.

१६ मार्च, रविवार. दुपार.
हात दुखतोय. थोडक्यात लिहितो.
हॉल गच्च. प्रवचन रंगलं. खाटकाला पुढे बोलावलं. तो आला आणि त्याने माझा गाल नुसता कुरवाळला. लोक हसले. जोरात, असं मी दातओठ खात पुटपुटलो. त्याने परत कुरवाळलं आणि रडायला लागला. साहेब घड्याळ बघायला लागले. दोन आठवड्यांची मेहनत, आणि हा बैल सगळ्यांसमोर माझा विचका करतोय! मार ना रे गाढवा, म्हणून ओरडलो. जमणार नाही म्हणाला.

म्हणून मीच मारली. कसं मारतात ते दाखवायला.
त्याच्या ओठातून रक्त आलं. मग त्या मूर्खाने डोळे मिटले आणि दुसरा गाल पुढे केला.
मी त्याच्यावरही मारली.

पुढचं नीट आठवत नाही. स्टँड आडवा झाला, माइक कोणाच्या तरी डोक्यात बसला, मला पाच-सहा जणांनी दाबून धरलं. पाळकसाहेबांना सोडा म्हणून खाटीकच सगळ्यांना विनवत होता.

१७ मार्च, सोमवार.
साहेबांचा निर्णय आला. प्रवचन परिणामकारक होतं म्हणाले, ते खाटकाकडे बघूनच कळलं. मंडळी इथे चालू राहील. मी परत जायचं. मान्यवरांना प्रात्यक्षिक झेपत नाही, दुसरं काय.

बायकोने बॅग काढून दिली. एकच. मी म्हटलं, तिघांचे कपडे यात कसे मावतील? ती म्हणाली, मावतील की, तुमचेच तर आहेत. चेष्टा करतेय. विमानतळावर येतीलच दोघी.

मुलगी दारात उभी होती. जवळ बोलावलं. आली. माझा चष्मा नीट करायला हात वर केला, तर तिने पटकन डोळे मिटले आणि गाल पुढे केला. लाडात आली होती. मी पापी घेतली.

डोळे मात्र तिने उघडले नाहीत. मी थोडा वेळ थांबलो. मग बॅगेचं कुलूप लावलं.