बांधीतला पाईप

सोमवार, ३ फेब्रुवारी. पोंभुर्णा

नळाच्या पाण्यात शिसं आहे. पाणी तपासायला दिलं होतं, त्या प्रयोगशाळेतल्या सत्यशीलाबाईंनी आज फोनवर सांगितलं. विहिरीतून थेट काढलेल्या पाण्यात नाही. म्हणजे दोष मधल्या पाईपाचाच.

लेक करिश्मा रविवारी पहिल्या बाळंतपणाला येते आहे. "तिला हे पाणी नको, बाळाला तर थेंबही नको. उकळूनही शिसं जात नाही," बाई म्हणाल्या.

मंगळवार, ४

मोरीमागचा गिलावा फोडला. आत पातळ राखाडी पाईप, त्यावर पुसट छाप — शेतीसाठी. असल्या स्वस्त पीव्हीसीत शिसं मिसळतात, बाईंनी सांगितलंच होतं. बाहेर उन्हात आलेला भाग पांढरा पडलाय, दाबला की तडकतो. सांध्यांना जोडणीचा कपलर नाही, काही नाही! एक तोंड धानाच्या वाळल्या तणसाच्या जाळावर मऊ करून दुसऱ्यावर ढकललेलं. काजळी अजून आहे. बांधीत, धानाच्या शेतात, पाणी न्यायला सगळे असंच जोडतात. पण घरात, पिण्याच्या पाण्याला?

हे काम माझ्या धाकट्या भावाचं. प्रफुलचं. घर बांधताना मी चंद्रपुरात बातम्या लिहीत होतो, सगळं त्याच्यावर सोपवून.

बुधवार, ५

प्रफुल आला. भगदाड बघून हसला. "दादा, याच पाईपानं धान पिकलं. धानाले चालते, तं माणसाले काऊन नाई?"

"भाऊजी, धानाचं बाळंतपण नाई करा लागत," माझी बायको रंजीता म्हणाली. तो आणखी हसला. मी शिशाचं सांगितलं, तर म्हणतो, "पेपरवाल्याले सगळ्यात बातमीच दिसते."

इतकी वर्षं डेस्कवर आवाज चढवला नाही. आज ओरडलो — "माझ्या नातवाला हे पाजशील?" तो चपला घालून चालता झाला.

गुरुवार, ६

करिश्माला कळवलं — नवा पाईप पडून पुन्हा तपासणी होईपर्यंत येऊ नकोस.

"मंग कुठी होऊ बाळंत, बाबा? सासरीच?"

उद्याच पाईप बदलतो, म्हटलं. रंजीता दिवसभर भांडी आपटत राहिली.

शुक्रवार, ७

जुना पाईप उपटला. नव्यावरचा 'शिसेविरहित' छाप स्वतः वाचून घेतला. प्रफुल फिरकला नाही. फिरकूही नये.

शनिवार, ८

सकाळी शेजारच्या गुणाबाईच्या दारात प्रफुल उभा. "बाई, नळाचं पाणी पिऊ नका. लेकरांले तं बिलकुल देऊ नका. तुमच्या घरचा पाईप मीच टाकला होता."

मग लटारूचं दार. मग त्यापुढचं. गल्लीतली इतकी घरं त्याने हौसेनं जोडून दिली होती, मला ठाऊक नव्हतं.

सोमवारी सगळ्यांचं पाणी तपासायला जाईल. पहिली बाटली प्रफुलच्या घरची — तिथंही हाच पाईप, आणि त्याची तान्ही नात त्याच पाण्यात कालवलेल्या वरच्या दुधावर आहे.